वरचा अमीन

उदगीरच्या किल्ल्यामागच्या ख्रिस्ती वस्तीत प्रार्थना संपली की सगळे हलक्या आवाजात 'आमेन' म्हणत, आणि सगळ्यांच्या मागून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, म्हातारी नागम्मा म्हणे, "अमीन."

निजामाच्या राज्यात अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा अंमलदार. त्याचा घोडा दिसला की लोक आधी पागोटं सावरत आणि मग वाट बदलत. त्यामुळे डोळे मिटून बसलेल्यांपैकी एखादा तरी दर रविवारी दचके. प्रेमला, म्हणजे वस्तीची मास्तरीणबाई, या एका शब्दाच्या हात धुऊन मागे लागली होती. ती मिशनच्या शाळेत शिकलेली, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं ऐकलं तर तिला घास गोड लागत नसे. आमेन म्हणजे 'तसंच होवो', अमीन तो ठाण्यातला, असं ती परोपरीनं समजावी. नागम्मा मान डोलावी आणि पुढच्या प्रार्थनेला पुन्हा अमीनसाहेबांना हाक मारी.

एकदा तिनं आपला हिशेब उलगडून सांगितला. तक्रार कुठं द्यायची? अमीनकडं. देवाला गाऱ्हाणं सांगून झालं की शेवटी वरच्या अमीनचं नाव घ्यायचं, म्हणजे तक्रार दाखल झाली. मग खुशाल घरी जायचं. प्रेमलाला हसू आवरेना. खालचा अमीन आजवर कुणाच्या तक्रारीला धावला, असं तिनं विचारलं.

"न्हाई ना धावला," नागम्मा म्हणाली. "म्हणून तर वरच्याला सांगायलेय."

त्या वर्षीच्या भादव्यात मात्र हसायचे दिवस संपले. प्रेमलाचा नवरा, शांतवन मास्तर, पोटदुखीनं तळमळणाऱ्या वस्तीतल्या रेवणप्पाला बैलगाडीत घालून बिदरच्या मिशन दवाखान्यात गेला, आणि मागोमाग हिंदुस्थानची फौज निजामाच्या हद्दीत शिरल्याची खबर आली. बिदरचा रस्ता बंद झाला. कुणी म्हणे पूल उडवले, कुणी म्हणे गावं पेटली. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता.

प्रेमला घाबरली. शाळेत मुलांकडून बायबलातली भरवशाची वचनं घोकून घेणारी बाई, पण स्वतःवर आलं तेव्हा एकही वचन पुरेना. ती गुडघे टेकी, देवाला सगळं सांगे, आणि उठली की तडक दाराशी जाऊन रस्त्याकडे बघे. नागम्मा तिच्या सोबतीला येऊन राहिली होती. तिनं हे जाणं-येणं बघितलं आणि तिला राहवेना.

"बाई, तुमी तक्रार देताव आन् लगेच माघारी घेताव. मग त्यानं काम कवा करायचं?"

प्रेमलाला ते लागलं. पण ऐकण्याइतकं मन थाऱ्यावर कुठं होतं? शेजारचा बसवंत बायकापोरांना घेऊन लातूरकडे निघाला होता. लातूरला प्रेमलाचं माहेर. चला, इथं एकट्या राहू नका, म्हणून त्यानं गळ घातली, आणि तिनं ट्रंक गाडीत ठेवलीही. पण मास्तर आला आणि दाराला कुलूप दिसलं तर तो तिला शोधायला पुन्हा त्याच रस्त्यांवर जाईल, हे मनातून जाईना. एक पाय गाडीच्या चाकावर आणि एक अंगणात, अशी ती उभी होती.

तेवढ्यात अमीनसाहेब आले. खरे, ठाण्यातले. घोडा नाही, शिपाई नाही, दाढी वाढलेली. बसवंतनं बैलांचे कासरे घट्ट धरले. पण अमीनसाहेबांनी एवढंच विचारलं की मास्तर बिदरला गेला होता ना, त्याची काही खबर आली का. प्रेमला बघतच राहिली. हेच तर ती त्यांना विचारणार होती.

"हमकोच कुछ खबर नै, बाई," ते म्हणाले. "घरवाले सब बिदर में हैं. हमारे वास्ते भी दुआ करो."

ज्याच्या नावानं वस्ती चळाचळा कापायची तो माणूस उंबऱ्याशी ओंजळ पसरून उभा राहिला. प्रेमलानं डोळे मिटले. मास्तरसाठी, रेवणप्पासाठी, आणि ज्यांची नावंही ठाऊक नव्हती त्या अमीनच्या माणसांसाठी तिनं मागितलं. शेवटी ती आमेन म्हणाली. आणि अमीनसाहेब तळवे तोंडावरून फिरवत, त्यांच्या दुआच्या रीतीप्रमाणे, हळूच म्हणाले, "आमीन."

नागम्मानं डोळे उघडून प्रेमलाकडे असं पाहिलं, की आता बोला.

प्रेमलानं ट्रंक गाडीतून उतरवून घेतली. बसवंतला सांभाळून जा म्हणाली, चूल पेटवली आणि मास्तरच्या वाटचीही भाकरी थापली. त्या दिवशी ती दाराशी गेली नाही. भीती गेली नव्हती, पण ती आता एकटीला धरून ठेवायची नव्हती.

निजामानं हत्यारं खाली ठेवली, रस्ते उघडले, आणि एका संध्याकाळी गाडी दारात आली. मास्तर वाळून काटकुळा झाला होता. पोटाला पट्टी बांधलेला रेवणप्पा कडब्यावर पडून खड्ड्यांच्या नावानं कुरकुरत होता. प्रेमला मास्तरच्या बाहीला धरून पोटभर रडली. मग अमीनची माणसं कुठं दिसली का, हे विचारलं. दवाखान्याच्या आवारात खूप लोकांनी आसरा घेतला होता, त्यात तीही होती, सुखरूप होती, असं मास्तर म्हणाला.

"पाय मागून धुवा," ती म्हणाली. "आधी अमीनसाहेबांना सांगून या."

मास्तर परत आल्यावर सगळे प्रार्थनेला बसले. शांतवननं आभार मानले. शेवटी नागम्मा कधी नव्हे ती थांबली, तोंड मिटून बाईंच्या उच्चाराकडे कान देऊन बसली.

"अमीन," प्रेमला म्हणाली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

मास्तरनं एक डोळा उघडला. काय म्हणालीस, असं त्यानं विचारलं.

"बरोबर म्हणाले," ती म्हणाली, आणि भाकरी वाढायला उठली.