मैनाचा प्रश्न

नूतनच्या तिन्ही कादंबऱ्यांत एक आजारी बाई असायची आणि शेवटी ती मरायची. तिला स्वतःला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. लहानपणापासून हाडं ठणकायला लागली की ती अंथरुणावर पडून लिहायची आणि पडल्यापडल्या तिला मरणच सुचायचं. रोजच्या कॅप्सूलने आता दुखणं बरंच आवरलं होतं, तरी चौथ्या कादंबरीतली मैना त्याच वाटेला लागली होती.

यंदा धानकापणीच्या दिवसांत थंडी एकदम पडली आणि नूतनची कंबर, मांड्या धरल्या. तिच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, आपल्या दुकानाचं, कृषी केंद्राचं, शटर ओढलं आणि दवनीवाड्याहून तिला थेट गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. सलाईन, इंजेक्शन, अंगावर दोन ब्लँकेट. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली.

शेजारच्या खाटेवर इटियाडोह धरणाकडची गुंजन होती, नुकती बीए झालेली. तिलाही सिकलसेलच. उशाशी आई, रुख्मा. नर्सने नूतनचं नाव पुकारलं तशी गुंजनने मान वळवली.

"पुस्तकं लिहिणाऱ्या नूतनताई तुमीच का जी?"

"हो, मीच."

"कॉलेजात वाचलं होतं तुमचं. त्यातली बाई थंड्या पाण्यात धानाची रोवणी करते अन मंग तिची हाडं दुखतात. सेम माहं."

"आमी तं बाहेरची बाधा समजून राहिलो होतो," रुख्मा म्हणाली. "उतारे करून थकलो. मंग हे गुंजन तुमचं पुस्तक घेऊन घरी आली अन म्हणे, आई, माहं रक्त तपासाचं आहे."

"पुस्तकातली ते बाई मेली म्हणून मी जिती आहो, ताई," गुंजन म्हणाली.

वाचून रडलो, असं पुष्कळ जण सांगत. जगलो, असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने हात लांब करून गुंजनचा हात धरला.

"आता काय लिहून राहिल्या?"

नूतनने मैनाची गोष्ट सांगितली.

"हेही मरते?"

"तसंच ठरलंय."

"एखादी जगू द्या ना जी. मरण समजलं मले. पुढं काय कराचं ते कोठं वाचू? आता पोरगा पाहाले येऊन राहिला. त्याच्याही रक्तात हे असलं तं लेकराले होऊ शकते. पण त्याले रक्त तपास म्हणून कसं सांगू?"

"असं इचारलं तं सोयरीक मोडते," रुख्मा म्हणाली.

तेवढ्यात भूपेंद्र डबा घेऊन आला. लग्नाआधी हाच माणूस कोणी न सांगता आपल्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन नूतनच्या घरी आला होता. तिच्या बापाच्या हाती कागद देऊन चहा पिऊन गेला होता. इतक्या वर्षांत तिने ते एका ओळीतही लिहिलं नव्हतं. कादंबरीत सुखाचं काय काम, असं तिला वाटायचं. तिने त्याला जवळ बसवून घेतलं आणि आधी त्याला जेवायला लावलं.

घरी आल्यावर तिने मैनाचं मरण काढून टाकलं. आता तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर चहाचा कप ठेवताना मैनाच विचारते, "तुमचं रक्त तपासलंय का?" पुढची पानं नूतनला अवघड गेली, कारण मैनाला आता म्हातारपणापर्यंत न्यायचं होतं.

पुस्तक निघाल्यावर तिने एक प्रत गुंजनला पाठवली. आठवड्याने फोन आला.

"तुमच्या मैनाचा नवरा लय सरळ आहे, ताई. रक्त तपास म्हटलं तं माहावाला रुसून बसला होता. मंग गेला तपासाले."

"रिपोर्ट?"

"चांगला आहे. आई तांदूळ निवडून राहिली लग्नाचे. तुमी दोघंही या."

नूतनने फोन ठेवला आणि दुकानात जाऊन भूपेंद्रला सांगितलं. गिऱ्हाईक समोर होतं, तरी तो तिच्याकडे पाहून हसला.