डिस्कची आतली कड

तीनला दहा मिनिटं असताना माझ्या धाकट्या दिराने जिना चढून दार उघडलं आणि तो खाली पडला.

म्हणजे पडद्यावरचा त्याचा कंदीलवाला पडला. दारापलीकडे खोली नव्हती. जमीन नाही, भिंती नाहीत, नुसता राखाडी रंग, आणि त्यात कंदीलवाला हातपाय हलवत पडत राहिला. आपटायला तळच नव्हता.

"वहिनी, गंमत बघ," दीर म्हणाला.

मला गंमत वाटली नाही. मानेवर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. दीर जी डिस्क खेळत होता, तिची जुळी प्रत पलीकडच्या टेबलावर सीलबंद पाकिटात होती. चार वाजता कारखान्याची गाडी ती न्यायला येणार होती, आणि तिच्यावरून दोन लाख डिस्क छापल्या जाणार होत्या.

"बंद करून परत चालू कर," मी म्हटलं.

त्याने केलं. कंदीलवाला पडतच होता. दार उघडलं की गेम आपोआप जतन होतो. पडता माणूसच जतन झाला होता.

"आता हा जन्मभर पडणार. बिचारा निदान जेवून तरी निघायचा!"

"तुला याआधी असं कधीच झालं नाही?"

"नाही. पण मी आठवडाभर हार्ड डिस्कवरूनच खेळतोय. खरी डिस्क गोगलगायीकडे होती."

गोगलगाय म्हणजे आमच्या गेम बनवणाऱ्या कंपनीतला दुसरा परीक्षक. खेळताना तो प्रत्येक खिडकीतून बाहेर डोकावतो, भिंतीवरची चित्रं बघत बसतो. आज तो दाढ काढायला गेला होता म्हणून शेवटची फेरी दिराकडे आली. आणि दीर पळतो. घरीही तो जिना कधी चालत उतरत नाही; सासूबाई रोज ओरडतात.

मी त्याला आधीच्या जतन केलेल्या जागेवरून सुरुवात करायला लावलं. "जिन्याची पहिली पायरी चढ आणि उभा राहा. हलू नकोस."

मग मी ड्राइव्हला कान लावला आणि घड्याळ सुरू केलं. आमच्या गेममधला तो जिना उगाच लांब नाही. खेळणारा चढत असतो तेवढ्यात कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, डिस्कवरून पुढची खोली वाचून घेतो, म्हणजे 'लोडिंग' असा शब्द दाखवून कुणाला ताटकळत ठेवावं लागत नाही. पळत गेलं तरी जिन्याला अकरा सेकंद लागतात. खोली वाचायला नऊ. ड्राइव्हच्या आतली करकर थांबली की खोली आली असं समजायचं.

करकर चौदा सेकंदांनी थांबली.

मी तीनदा मोजलं. चौदा पूर्णांक एक, तेरा पूर्णांक नऊ, चौदा. इतके जवळजवळचे आकडे आले की एरवी मला समाधान वाटतं. आता वाटलं नाही, कारण त्यामागचं कारण मला कळलं होतं.

हा ड्राइव्ह डिस्क एकाच गतीने फिरवतो. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. आतल्या कडेला वर्तुळ लहान, एका फेऱ्यात थोडीच माहिती हाती लागते. बाहेरच्या कडेला त्याच फेऱ्यात दुपटीहून जास्त. परिघाचं सूत्र मला शाळेपासून येतं. आमचा गेम अर्ध्या डिस्कपेक्षाही कमी जागेत मावत होता. म्हणून माझ्या आधी या जागेवर असलेल्या बाईंनी त्याच्या पुढे एक अगडबंब फाइल ठेवली होती, नुसत्या शून्यांची. तिने आतली कड अडवली की गेम आपोआप बाहेर सरकायचा, वेगवान भागात.

बाईंनी याबद्दल कुठे एक ओळही लिहून ठेवली नव्हती. आणि दहा दिवसांपूर्वी मी ती फाइल काढून टाकली होती.

काढताना मी नीट तपासलं होतं, हे विशेष. सगळा प्रोग्राम शोधून पाहिला. एकही ओळ ती फाइल उघडत नव्हती. मी नोंद केली: 'कुणी वापरत नाही.' त्यानंतर चाचणीची डिस्क लिहायला चाळीसऐवजी अठरा मिनिटं लागू लागली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. गोगलगाय म्हणाला, "आता चहा प्यायलाही वेळ मिळत नाही हो!"

"काय झालं?" दिराने विचारलं. माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं होतं.

मी सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि पाकिटाकडे बघत राहिला.

"या कन्सोलला इंटरनेट नाही," तो हळूच म्हणाला. "एकदा विकलं की विकलं, मागून दुरुस्ती पाठवता येत नाही."

"हो."

"तू ती फाइल परत ठेव ना. चाळीस मिनिटं लागतील. आत्ता तीन वाजून पाच झालेत. गाडी यायच्या आत पाकीट बदलू. कुणाला पत्ता लागणार नाही."

हा विचार माझ्या मनात त्याच्या आधी येऊन गेला होता. मी फाइल परत ठेवून डिस्क लिहायला लावलीसुद्धा. ड्राइव्हचा दिवा लुकलुकू लागला आणि मी त्याच्याकडे बघत बसले. याआधी मी एका प्रयोगशाळेत होते. तिथे मी एका मोजमापातली माझी चूक स्वतःहून सांगितली, सगळ्यांनी माझ्या प्रामाणिकपणाची स्तुती केली आणि पुढच्या महिन्यात माझी जागा दुसऱ्याला दिली. आठ महिने मी घरी होते. ही नोकरी दिराने शब्द टाकला म्हणून मिळाली.

"वहिनी, माझंही नाक कापलं जाईल गं," तो म्हणाला. रागाने नाही. घाबरून.

डिस्क एक तृतीयांश लिहून झाली होती. तिच्यावर कुणीही खेळलेलं नसणार होतं. जिना बरोबर होईल, हे मला कागदावर सिद्ध करता आलं असतं. पण 'कुणी वापरत नाही' हेसुद्धा मी सिद्धच केलं होतं.

मी उठले.

"कुठे चाललीस?"

"मॅडमकडे."

प्रमुख मॅडमच्या खोलीत पंख्याखाली कागद फडफडत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: दार, चौदा सेकंद, फाइल, तारीख. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. मी थांबले तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि फाटकावर सांगितलं, "गाडी आली की परत पाठवा. रिकामी."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"आणखी काय काय काढलंत?"

हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. माझ्या नोंदी मी त्यांच्या संगणकावर उघडल्या. नोकरीला लागल्यापासून अकरा गोष्टी. नऊंपुढे स्पष्ट कारण होतं: जुनं चित्र, दोनदा आलेला आवाज, असं. शून्यांची फाइल दहावी. अकराव्या नोंदीत दोन लहान फाइल एकत्र होत्या आणि त्यांच्यापुढे माझेच तीन शब्द होते. कुणी वापरत नाही.

मॅडमनी ते मोठ्याने वाचलं.

"या दोन कशासाठी होत्या?"

"माहीत नाही."

"मग शोधा. आधी हे कळू दे, तुमचं काय करायचं ते त्यानंतर बघू."

बाहेर दीर दाराशीच उभा होता. "काय म्हणाल्या? सांग ना. माझं नाव घेतलं का?"

मी नकारार्थी मान हलवली आणि जागेवर येऊन बसले. जुन्या प्रतीतून त्या दोन फाइल बाहेर काढल्या. पहिली उघडली. आत आकड्यांच्या चारशे ओळी होत्या, वर शीर्षक नाही, खाली सही नाही. गाडी फाटकाशी येऊन परत वळल्याचा आवाज आला. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, आणि बाविसाव्या ओळीपर्यंत मला त्यातलं काहीही समजलं नव्हतं.