मोरीतला माशांचा दवाखाना

मी एक टब बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, काठाला मिठाची पुटं चढलेला. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मला नाक असतं तर मीही आयुष्यभर तेच केलं असतं.

साच्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी बाळाच्या अंघोळीला जाईन. गेलो दातांच्या दवाखान्यात, तेही मागच्या मोरीत. दवाखाना नवरा-बायकोचा, दोघंही डॉक्टर. पेशंट बसतात तिथे नवऱ्यानं खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली होती. पेशंटची भीती जावी म्हणून, असं तो सांगे. खरं तर त्याला मिरवायचं होतं. टाकीतलं जुनं पाणी यायचं माझ्या पोटात. माशांची घाण, कुजलेलं खाणं, शेवाळाचे लिबलिबीत धागे, सगळं.

पण खरी शिसारी यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. मासा मेला की डॉक्टर त्याला चिमट्यानं उचलून संडासात टाकी, वरून पाणी सोडी आणि लगेच त्याच रंगाचा दुसरा आणी. पेशंटना पत्ताही लागत नसे.

टाकीत एक पिवळा मासा होता. परीक्षेच्या वर्गात फिरावं तसा तो खडकांमधून येरझाऱ्या घाली, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. एकदा डॉक्टरनं नवा मासा दुकानातून आणला आणि तसाच टाकीत सोडला. काही दिवसांत तो मेला. पाठोपाठ आणखी दोन गेले. उरला एकटा मास्तर. तोही खडकाला अंग घासू लागला.

डॉक्टर औषधाची बाटली घेऊन टाकीत ओतायलाच निघाला होता. बायकोनं त्याचा हात धरला.

"रोग कुठला ते बघितलंस का?"

"अंगावर पांढरं दिसतंय ना. औषध आहे त्यावरचं."

तिनं दात तपासायचा कपाळावरचा दिवा लावला आणि बाजूनं उजेड पाडला. "मिठाच्या कणांसारखे ठिपके नाहीत हे. पीठ भुरभुरल्यासारखं आहे. आणि धाप बघ त्याची. रोग कल्ल्यांत गेलाय. याला तांब्याचं औषध लागेल, पण ते इथे ओतलंस तर कोळंब्या आणि गोगलगायी मरतील. मास्तरला वेगळं काढू. टाकी दीड महिना तरी माशांविना ठेवायची, म्हणजे रोगाला धरायला अंगच मिळणार नाही."

"दीड महिना रिकामी टाकी? लोक काय म्हणतील? अगं, नवे आणू की."

"पेशंटचा दात सडला तर पेशंटच बदलतोस का?"

तिनं मला घासून घासून धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात स्वच्छ पाणी आलं. लपायला पाइपचा तुकडा, पाणी कोमट ठेवायला हीटर, हवेची नळी आणि मास्तर. औषध कमी पडलं तर रोग जगतो, जास्त झालं तर मासा मरतो, म्हणून ती रोज पाणी तपासायची आणि थोडं बदलायची. हळूहळू मास्तरच्या अंगावरची भुकटी गेली. तो तिच्या बोटांतून खाऊ लागला.

मग दीड महिना भरायच्या आतच ती बहिणीकडे गेली. तेवढ्यात डॉक्टरचे कॉलेजचे मित्र दवाखाना बघायला आले. रिकामी टाकी दाखवायची त्याला लाज वाटली. त्यानं जाळी घातली आणि मास्तरला उचलून टाकीत सोडलं. मित्रांनी फोटो काढले, वाहवा केली. मी मोरीत पडून ऐकत होतो. घाण पाण्याचीही इतकी किळस मला कधी आली नव्हती.

ती परतली तेव्हा मास्तर पुन्हा पिठानं माखला होता. तिनं जाळी नवऱ्याच्या हातात दिली.

"तूच काढ, तूच औषध दे. हा आता तुझा पेशंट."

त्यानं मास्तरला पुन्हा माझ्यात सोडलं आणि तो माझ्याशेजारी स्टुलावर बसू लागला. मास्तर कलंडून पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होता.

"अगं, हा काहीच खात नाही."

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

मास्तर गेला. डॉक्टरनं त्याला तळहातावर घेऊन नेलं आणि मागच्या झाडाच्या कुंडीत पुरलं. कवळी बसवायला आलेल्या एका आजींनी विचारलं, "मास्तर कुठाय हो?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. "मेला, आजी. मी मारला."

आता टाकी विकून टाकलीय. तिथे टीव्हीचा पडदा लावलाय, त्यावर दिवसभर रंगीत मासे पोहतात. पेशंट म्हणतात, किती छान. माझ्यात फरशीचं फडकं पिळतात.

तुम्हाला मासे पाळायचेच असतील तर टाकीआधी माझ्यासारखा एक टब घ्या आणि नवा मासा आधी त्यात ठेवून बघा. तेवढं जमणार नसेल तर पडदाच लावा. त्या माशांत जीव नाही, पण तुमच्या हातून ते मरतही नाहीत.