तांदळातलं नाव

माझ्या सासूबाई काटकसरी होत्या. किती, ते सांगते. मला दुसरेपणावर दिलं, तेव्हा पहिलीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. चार वर्षांचा सलिल मागे ठेवून ती काविळीने गेली. तिचं नाव सरोजिनी. तिच्या माहेरून आलेली भांडी फडताळात रांगेने लावलेली होती आणि प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, ‘सौ. सरोजिनी माधव’. लग्नानंतर इथे श्रीवर्धनला लक्ष्मीपूजन झालं. नवरीचं नवं नाव काढायला ताटात तांदूळ पसरले. यांनी हातात सोन्याची अंगठी घेतली आणि आईकडे पाहिलं.

“सरोजिनीच काढ,” सासूबाई म्हणाल्या. “भांडी चांगली आहेत.”

यांनी काढलं. अक्षर सुरेख आहे यांचं. रेशनकार्डावरचं नाव कमी करायचा हेलपाटा वाचला, सलिलच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव बदलावं लागलं नाही. सगळ्यांची सोय झाली. गावातल्या बायकाही दोन महिन्यांत रुळल्या.

माझं नाव क्षिप्रा. मी पोटात असताना वडील उज्जैनला गेले होते, तिथल्या नदीत पाय सोडून बसले आणि मुलगी झाली तर हेच नाव, असं ठरवून आले. क्षिप्रा म्हणजे वेगाने जाणारी. पालीच्या घरी ते ओसरीवरून हाक मारायचे आणि मी हातातलं टाकून धावत सुटायचे, नावाला जागायला. पण मला मंगळ निघाला. दहा ठिकाणी पत्रिका फिरवून वडील दमले आणि या घराला हो म्हणाले. लग्नानंतर महिन्याने त्यांचं पत्र आलं. वर लिहिलं होतं, ‘चि. सौ. सरोजिनीस’. ते आता नाहीत, तरी मी त्यांना माफ केलेलं नाही.

पितृपक्षातली अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. पहिल्या वर्षी स्वयंपाक मीच केला. भटजींनी नाव विचारलं. हे म्हणाले, सरोजिनी. पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने माना खाली घातल्या. मी हातात खिरीचं पातेलं घेऊन उभी होते. पातेल्यावरही तेच नाव होतं. दरवर्षी माझ्या देखत माझं श्राद्ध होतं आणि स्वयंपाक मीच करते.

मला मूल झालं नाही. सलिलला मीच वाढवलं, तो मला आईच म्हणतो. बँकेत लागल्यावर त्याने स्वतःच मुलगी ठरवली. तिचं नाव नताशा. पहिल्यांदा घरी आली तेव्हा न विचारता तिने नावाची गोष्ट सांगितली. तिचे वडील बोटीवर होते. रशियातल्या कुठल्याशा बंदरात अपेंडिक्स फुटून ते मरायला टेकले, तेव्हा एका नर्सने रात्रंदिवस बसून त्यांना वाचवलं. तिचं नाव नताशा. पुढे मुलगी झाली ती नेमकी पंचवीस डिसेंबरला, आणि त्या नावाचा अर्थही तोच, नाताळात जन्मलेली.

“आपला नाताळ आणि माझं नाव मुळात एकाच शब्दातून आलंय, आई,” ती हसत म्हणाली.

किती प्रेमाने सांगत होती. मला तिचा हेवा वाटला. खरं सांगायचं तर माझा जळफळाट झाला. हिला बापाने दिलेलं नाव या उंबऱ्यात तसंच आणता येणार होतं आणि कुणी एका शब्दाने विचारणार नव्हतं.

जेवताना मी म्हटलं, आपल्याकडे सुनेचं नाव बदलतात. सलिल चुळबुळला, आता कोण बदलतं वगैरे म्हणाला. मी डोळ्यांना पदर लावला. सलिलला तो उपाय लहानपणापासून लागू पडतो. कागदोपत्री नको, पण घरात तेवढं राहू दे, एवढंच मागते म्हटलं. तो नताशाकडे बघायला लागला. आईंना बरं वाटणार असेल तर चालेल, असं ती पोर म्हणाली.

“कोणतं ठेवायचं?” यांनी विचारलं.

“क्षिप्रा.”

हे घास हातात धरून क्षणभर थांबले.

“छान आहे,” हे म्हणाले. “कुठे सापडलं?”

“मोबाईलवर,” मी म्हटलं आणि भात वाढला.

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण उलट मी हट्टाला पेटले. लग्नाआधी स्वतः बाजारात जाऊन नवा तांब्या घेतला आणि त्यावर ‘सौ. क्षिप्रा सलिल’ घालून आणलं. पूजेला तांदूळही मीच पसरले. सलिलने नाव काढलं, त्याचं अक्षर काही बापासारखं नाही.

चौथ्या दिवशी मी खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी हाक मारली, “क्षिप्रा, ये गं.” चोवीस वर्षांनी त्या नावाने मारलेली हाक ऐकली. आतून नताशा पायात चपलाही न घालता धावत आली, काय झालं आई म्हणून. काही झालं नव्हतं. मग मी दिवसातून दहा वेळा हाका मारायला लागले. काम नसलं तरी मारायचे. तीही दर वेळी धावत यायची.

भाऊबीजेला माझा भाऊ विहंग पालीहून आला. सलिलच्या लग्नाला त्याला येता आलं नव्हतं. तो मला नुसतं ताई म्हणतो. नताशाने त्याला नव्या तांब्यातून पाणी दिलं. तांब्या फिरवून त्याने नाव वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. पुढचं वाचायलाही तो थांबला नाही.

“ताई, शेवटी घातलं का गं तुझं नाव भांड्यावर?”

हे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर हलला नाही. नताशाने आधी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विहंग जाईपर्यंत ती नीट वागली, त्याला परत परत वाढलं. तो गेल्यावर स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आई, तुमचं नाव तुम्हाला हवं होतं, तर सांगायचं होतं. मी सगळ्यांना तशी हाक मारायला लावली असती. माझं का काढून घेतलंत?”

तिचे डोळे भरले होते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, हे देवाशपथ खरं आहे. पण तोंड उघडलं आणि सासूबाईंचाच आवाज बाहेर आला.

“तांब्या चांगला आहे,” मी म्हटलं. “वापर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यातून मी पुन्हा हाक मारली. ती आली, पण चालत आली.