लोखंडी पायांची खुर्ची

मी एक घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, मला जुनी म्हणालात तर राग नाही. मोडकी म्हणणार असाल तर मात्र आधी बसून बघा. माझ्या बरोबरीच्या कितीतरी भंगारात गेल्या. मी अजून ताठ आहे. त्याचंच तर दुःख आहे, पण ते पुढे सांगते.

मी जन्मले लाकडाची. एका सुताराने उरल्यासुरल्या पट्ट्यांतून माझे पाय काढले, आणि बसायचं कापड शिवलं आईने. आई म्हणजे या घरातल्या दोन मुलींची आई. ती ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. तिच्या मशीनखालून गेलेलं फाटत नाही आणि तिच्या तोंडापुढे कुणी टिकत नाही. मशीनशेजारी माझी जागा. माझ्यावर बसून थोरली सुया ओवून द्यायची आणि धाकटी जमिनीवर लोळत रेडिओ लावायची.

रेडिओवर चौघांचा एक बँड लागायचा. दोन गिटार, एक ड्रमवाला आणि एक घोगऱ्या गळ्याचा गाणारा. पोरी जीव टाकायच्या त्यांच्यावर.

"हा गातोय, की याचं बोट दारात सापडलंय?" आई विचारायची.

"आई, तुला नाही कळायचं."

"दुखतंय त्याला, एवढं मलाही कळतं गं."

मग पोरी घरात नसल्या की तीच चाल गुणगुणत ही पायडल मारायची. मी ऐकलंय. चुगली करणं माझ्या स्वभावात नाही.

थोरलीच्या हृदयाची झडप लहानपणापासून दुबळी. पुढे पुढे तर थोडा वेळ उभी राहिली तरी ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढणं सोडलं, तेव्हा काय समजायचं ते घरात सगळ्यांना समजलं. त्याच सुमारास बातमी आली, की ते चौघे आता वेगळे होणार आणि त्याआधी शेवटचं एकदा गावाबाहेरच्या मैदानात वाजवणार.

"मला एकदा त्यांना समोर बघायचंय," थोरली म्हणाली. तिने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मैदानात सगळे उभे राहणार होते. ज्यांना बसायचं त्यांनी आपली सोय आपण आणायची. आईची नजर माझ्यावर गेली. तिने मला हलवून पाहिलं. मी जरा लटपटत होते, खोटं कशाला बोलू?

"गर्दीत कुणी धक्का दिला तर पोरगी तोंडावर पडेल," ती म्हणाली आणि मला काखेत मारून वेल्डिंगवाल्याकडे निघाली. लाकडी पाय गेले, लोखंडी नळ्या आल्या. घरी आणून तिने ताडपत्रीचं दुहेरी कापड माझ्यावर चढवलं.

"मावशी, हत्ती बसवणार का हिच्यावर?" वेल्डिंगवाल्याने विचारलं होतं.

"माझी पोरगी बसणार आहे. हत्ती पडला तर उठतो बाबा."

कार्यक्रमाच्या दिवशी दोघी पोरींबरोबर मी किती तोऱ्यात निघाले म्हणून सांगू! रांगेत दर दोन पावलांवर माझ्यावर टेकत थोरली पुढे सरकत होती. दूरवर कुणीतरी गिटार जुळवत होतं. "ऐक, तोच आहे," असं म्हणून धाकटीने तिचा हात इतका दाबला, की ती ओरडलीच.

फाटकावर राखणदाराने मला बोटाने वाजवून पाहिलं.

"ताई, ही आत नाही जायची. लाकडाचं, प्लास्टिकचं चालतं. लोखंड नाही. मागे फेकाफेकीत डोकी फुटलीत."

"अहो, हिला उभं राहता येत नाही हो!" धाकटी म्हणाली.

"दिसतंय मला. पण माझी नोकरी जाईल."

आमच्या मागून एक आजोबा लाकडी स्टूल घेऊन आले आणि सरळ आत गेले. मी आधी होते तसंच लटपटतं. मी बघत राहिले.

थोरली धाकटीच्या खांद्यावर भार टाकून तशीच आत शिरली. परत आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. खाली गवतावर बसली असती तर लोकांनी तुडवली असती.

"तू जा. एकीने तरी बघून ये, म्हणजे घरी सांगता येईल," ती धाकटीला म्हणाली.

"मी नाही जाणार."

"आईला काय सांगू? तिच्या लोखंडाने अडवलं म्हणून? जा म्हणते ना!"

धाकटी रडत आत गेली. राखणदाराने मला भिंतीपाशी उघडून ठेवलं. जनरेटरच्या गाडीशेजारी तेवढीच जागा होती. कार्यक्रम सुरू झाला आणि जनरेटर असा घरघरायला लागला, की गाणं एकही कळेना. फक्त ड्रमचा ठोका जमिनीतून माझ्या पायांत यायचा आणि माझ्यावर बसलेल्या पोरीचं काळीज त्याच्या तालात कधीच नसायचं. ती शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसली.

घरी आई दारातच होती. "दिसलं का गं नीट?"

"अगदी समोरून. तुझी खुर्ची जराही हलली नाही, आई."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

थंडी सरायच्या आत थोरली गेली. आता धाकटी माझ्यावर बसत नाही, जमिनीवर बसते. एकदा म्हणाली, "आई, त्या दिवशी ना..." आईने मशीन थांबवलं. "काय गं?" "काही नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हांला जपा. मी कोणत्या तोंडाने सांगू? मला जपलं, मजबूत केलं, म्हणून तर मी बाहेर राहिले. कुणासाठी जीव ओतून काही करायला घ्याल, तेव्हा ते दारातून आत जाईल का, एवढं आधी विचारून या. आणि विचारूनही अडलंच, तर मला त्यावर उपाय माहीत नाही.

आई तेलाची बाटली घेऊन आलीय. माझे सांधे गंजू नयेत याची तिला फार काळजी. आज शेजारीणही बसलीय समोर, म्हणजे पुन्हा तेच ऐकायचं: "या खुर्चीने माझ्या पोरीला तिचा बँड दाखवला हो."

मी ताठ उभी राहीन. मला दुसरं काही येतच नाही.