चौदावा रकाना

प्रकल्प-मंजुरीच्या फॉर्मातल्या चौदाव्या रकान्यासाठी त्या सरकारी कचेरीत रबरी शिक्काच करून घेतला होता. 'तीस वर्षांनंतरचे परिणाम' असं छापलेल्या त्या रकान्यात ठप्पकन उमटायचं, 'निरंक'. झालं! पुढच्या माणसांचा विचार एका ठोक्यात उरकला.

या खेपेला मात्र गाठ इंजिनीअरबाईंशी होती. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत कारखान्यांचा विषारी गाळ पुरायचा, असा प्रस्ताव होता. बाई स्वतः खाणीत उतरल्या होत्या, भेगांत हात घालून आल्या होत्या. तळाला अंथरायचं प्लास्टिक फार तर वीस वर्षं टिकेल, मग विष झिरपून उतारावरच्या विहिरींत जाईल, असं त्यांनी रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. साहेबांनी ते पान टराटरा फाडलं आणि कोरं मागवलं.

"मॅडम, गाळाचं आत्ता काय करू ते बोला. तीस वर्षांनी कोण येणार आहे जाब विचारायला?"

"कोणी येऊ शकत नाही, म्हणूनच तुमचं फावतंय!" बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाळ नजरेआड केल्याची शाबासकी यांना, आणि पाणी नासणार ते अजून न जन्मलेल्या पोरांचं. लाज कशी वाटत नाही मेल्यांना!

साहेबांनी हेडक्लार्ककाकांना हाक मारली. "काका, मारा शिक्का."

काका बावीस वर्षं तो शिक्का मारत होते. आज एवढी वादावादी ऐकून त्यांनी चष्मा चढवला आणि रकान्यावरचं शीर्षक जन्मात पहिल्यांदा वाचलं.

"अरे देवा! मला वाटायचं, इथे हरकती-बिरकती लिहीत असतील." काका बाईंकडे वळले. "मॅडम, आमच्या मुलीनं त्याच उतारावर घर बांधलंय हो."

काकांचा हात काही खाली येईना. शेवटी साहेबांनी शिक्का हिसकावला आणि स्वतःच ठोकला.

"करा सही, मॅडम. तुमच्या सहीवाचून फाईल हलत नाही. नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

"ठेवली!" म्हणत बाईंनी पेन उघडलं आणि सहीच्या जागी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "तीस वर्षांनी जे हे पाणी पिणार आहेत त्यांची सही आधी आणा. मग माझी मागा."