वेलचीची खीर

अतुलला लोकांची सिगारेट सोडवायचा नादच लागला होता. व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, येऊन त्याची स्वतःची सुटली, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या त्यांच्या कॅरी गावातल्या प्रत्येक ओढणाऱ्या देशी माणसाच्या तो हात धुऊन मागे लागला. "धूर नाही, राख नाही, यार! माणूस मरतो तो धुराने," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुकानातले फ्लेवर आपल्या लोकांना रुचत नाहीत, म्हणून जहाल निकोटीन मागवून त्यात तो वेलचीचा वास घालायचा आणि मग ते पातळ करून वाटायचा. त्याने काही जणांची सिगारेट खरंच सुटली, हे कबूल करायला हवं. नागपूरहून आलेल्या त्याच्या वडिलांची, दादारावांची, जन्माची बिडीसुद्धा.

नडली ती निकोटीनच्या बाटलीवरची धोक्याची कवटी. आई, रत्नाबाई, ती बघून दचकल्या. "हे विष पाजतोस का रे बाबांना?" अतुलचा अहंकार दुखावला. समजावत बसण्यापेक्षा त्याने ते जहाल पाणी वेलचीच्या इसेन्सच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि फ्रिजच्या दारात ठेवून दिलं. शहाणा माणूस!

बुद्धपौर्णिमेला घरी वंदना झाली. खिरीची पहिली वाटी मूर्तीपुढे, दुसरी वडीलधाऱ्या दादारावांना, मग पाहुण्यांना. पाहुण्यांमधल्या चंद्रशेखरने, अतुलच्या मित्राने, चमचा तोंडात घातला आणि चेहरा कसनुसा केला.

"काकू, खीर तिखट लागतेय का?"

"वेलची संपली होती," रत्नाबाई ओशाळून म्हणाल्या. "फ्रिजमध्ये इसेन्स सापडला, तोच जरा जास्त पडला असेल."

अतुलला कळलं, ती त्याचीच बाटली. ओरडायला हवं होतं. पण समोर चंद्रशेखर बसला होता, त्याला तासाभरापूर्वीच अतुलने पटवलं होतं की व्हेपमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. खरं सांगितलं तर सगळंच पाण्यात. एवढ्या मोठ्या पातेल्यात दोन झाकणांनी काय होणार, असं त्याने मनाला समजावलं. वाईट वाटतं ते याचंच, की त्याला हे सुचायला वेळ मिळाला.

"कोणी खाऊ नका," तो हसत म्हणाला. "दूध नासलंय."

पाहुण्यांनी वाट्या खाली ठेवल्या. अतुलने त्या गोळा केल्या, स्वयंपाकघरात नेल्या आणि पातेलं सिंकमध्ये रिकामं केलं. आपण निभावलं असं त्याला वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा दादाराव वाटी बोटाने पुसून खात होते. "नासलं तर नासलं. पौर्णिमेची खीर टाकायची नसते. तुझी आई पहाटेपासून राबतेय."

थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. उलटी झाली, हातांना झटके येऊ लागले, ओठ पांढरे पडले. अतुलची बायको रोशनी फोनवर ॲम्ब्युलन्सच्या बाईशी इंग्रजीत बोलत होती. "खीर खाल्ली. दूध खराब होतं," ती सांगत होती. तिने नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

अतुलने तिच्या हातातून फोन घेतला.

"दूध नाही. निकोटीन. माझं होतं."

चंद्रशेखर जागेवरून उठला. रत्नाबाईंना ते इंग्रजी कळलं नाही, त्या नवऱ्याची पाठ चोळत राहिल्या.

पलीकडून विचारलं गेलं, किती खाल्लं?

"सगळी वाटी," अतुल म्हणाला. "मी खरं सांगितलं असतं, तर ते थांबले असते."